नॉटिंगहॅम ते कोथरूड : १८० मावळे न मोडता आणायचेत. फोम की चुंबक?

पिवळाफौजी

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं नॉटिंगहॅमला काढून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कायमचा पुण्याला परत येतोय. बाकीच्या सामानाचं टेन्शन नाही, भांडीकुंडी वाटून टाकली, पुस्तकं बोटीने रवाना झाली. राहिलंय ते सैन्य, म्हणजे रंगवलेल्या छोट्या मूर्ती. इथे राहून वॉरहॅमरचा (टेबलावर अशा मूर्तींच्या फौजा लढवायचा खेळ) नाद न लागणं अवघडच होतं, तो बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथल्याच लेंटन भागात आणि माझी खोली तिथून चालत पंधरा मिनिटांवर, पहिल्याच हिवाळ्यात मित्राबरोबर वॉरहॅमर वर्ल्ड बघायला गेलो आणि येताना हातात खोका होता.

तर फौज अशी आहे. प्लास्टिकचे इंपीरियल फिस्ट्स (त्या खेळातली एक पलटण) साधारण सव्वाशे, सगळे पिवळे. एक इंपीरियल नाइट, म्हणजे राक्षसी यंत्रमानव, त्याचा लंबगोल बेसच (पायाखालची तबकडी) १७० मिमीचा. पाचसहा रेझिनचे. आणि ४५ एक जुने धातूचे, त्यातले बरेचसे रविवारच्या जुन्या बाजारात एका आजोबांकडून घेतलेले, ते शिशाचे असावेत असा संशय आहे कारण हाताला फारच जड लागतात. सगळं मी स्वतः रंगवलंय. एकट्या कॅप्टनला तीन आठवडे लागले होते, त्याच्या झग्याची किनार शून्य नंबरच्या ब्रशने.

आत्ता सगळे फोमच्या ट्रेमध्ये आहेत. परवा खेळायला काढले तर पाच जणांच्या गुडघ्यांवरचा पिवळा रंग उडून खालचा काळा प्रायमर (रंगाआधीचा थर) दिसतोय. जीव नुसता तुटला. विमानातून न्यायच्या आधीच ही गत, तर पुढे काय?

प्रश्न असे: फोममध्येच न्यावं की बेसखाली चुंबकं लावून पत्र्यावर उभं करून न्यावं? केबिनमध्ये की चेक-इन? आणि पुण्याच्या पावसाळ्यात घरी ठेवायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडकवासलाकर

रुमाल टाकून ठेवतो. माझेही पन्नास ऑर्क (त्याच खेळातले हिरवे राक्षस) बुटांच्या खोक्यात पडून आहेत.

स्पंजबाबा

फोम. दुसरा विचार करू नका.

मी चौदा वर्षं डोंबिवलीहून फोमच्या बॅगेतून सैन्य नेतोय, तेही लोकलने. सकाळी ८:१० ला दारात उभं राहून बॅग पोटाशी धरायची सवय झालीय. माणूस माणसावर चढतो पण आतला शिपाई हलत नाही, कारण त्याला चारी बाजूंनी गादी आहे. चुंबकावर उभा केलेला शिपाई म्हणजे एका पायावर उभा केलेला माणूस, धक्का बसला की पडला, आणि एक पडला की शेजारच्या चौघांना घेऊन पडतो.

तुमचा रंग उडाला तो फोममुळे नाही, खाच घट्ट असल्यामुळे. मूर्ती खाचेत दाबून बसवायला लागत असेल तर खाच चुकलीय. बोटाने हळूच ठेवली की आपोआप बसली पाहिजे आणि ट्रे हलवला तर खडखडली नाही पाहिजे, या दोन्हीच्या मधलं माप हवं. चौकोनी तुकडे उपटून खाच करता येते तसला फोम घ्या, आणि प्रत्येक मूर्ती पाठीवर न झोपवता कुशीवर झोपवा, नाक आणि बंदुकीचं टोक वरच्या थराला टेकता कामा नये.

पत्रेवाला

स्पंजबाबा, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे कडकडून असहमत.

रंग उडतो तो घासल्याने, आणि फोम कितीही मऊ असला तरी मूर्तीच्या अंगाला टेकलेलाच असतो. गाडी धावली की बारीक थरथर होते ती तासन्‌तास होते. पुणे-नाशिक पाच तास म्हणजे पाच तास गुडघ्यावर पॉलिश चाललंय असं समजा. माझं साधं म्हणणं आहे: मूर्तीला धरायचं तर पायाशी धरा, अंगाला काहीही टेकू देऊ नका. उचलतानासुद्धा बेसला धरून उचला. हाताचा घाम आणि तेल रंगाला फोमइतकंच वाईट.

पद्धत सांगतो, कारण अर्धवट केली तर चुंबकं बदनाम होतात. ३२ मिमी बेस खालून पोकळ असतो, साधारण तीन मिमी खोल. त्यात ५×२ मिमीचं निओडिमियम चुंबक नुसतं फेवीक्विकने चिकटवलं तर ते पत्र्यापासून मिलीभर वर राहतं आणि त्या एका मिलीने पकड कुठल्या कुठे जाते. म्हणून काय करायचं, एम-सीलची वाटाण्याएवढी गोळी मळून बेसच्या मधोमध बसवायची, त्यावर चुंबक ठेवायचं, मग बटर पेपर पसरलेल्या काचेवर बेस उभा करून वरून सरळ दाबायचा. चुंबक बेसच्या कडेशी बरोब्बर सपाट होतं. जास्तीचं एम-सील पाण्याच्या बोटाने पुसून टाका आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी बेस पत्र्यावर ठेवला की टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज आला की काम झालं.

डब्याच्या तळाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, अर्धा मिमी जाडीचा. कुठलाही पत्रेवाला मापाने कापून देतो. कडा कानशीने घासून घ्या, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. पत्रा चिकटवायला फेविबॉन्ड वापरलं तर झाकण उघडं ठेवून दोन दिवस वास जाऊ द्या, तो वास प्लास्टिकच्या मूर्तींना चांगला नाही.

आणि कसोटी: भरलेला डबा गादीवर धरून उलटा करा आणि हलवा. जो पडेल त्याला दुसरं चुंबक.

घागरगडकर

पत्रेवाला, स्टीलचा मोठा डबा घेतला तर वेगळा पत्रा कशाला? घरात तीन पडलेत.

पत्रेवाला

सगळ्यांना इथेच फसायला होतं. आपल्या स्वयंपाकघरातलं चांगलं स्टेनलेस स्टील बहुतेक ३०४ जातीचं असतं, त्याला चुंबक जवळजवळ धरतच नाही. फ्रिजवरचं चुंबक घेऊन डब्याला लावून बघा. धरलं तर वापरा. गंमत म्हणजे जो डबा आई भारीतला म्हणून जपून ठेवते तो आपल्या कामाचा नाही, आणि जत्रेतला स्वस्त डबा कामाचा निघू शकतो.

घागरगडकर

लावून बघितलं. तीनपैकी एकालाही धरत नाही. बायको खूश, डबे वाचले.

रंगपेटी

पिवळाफौजी, तुमच्या दुखण्याचं अर्धं मूळ रंगात आहे. पिवळ्याखाली काळा प्रायमर असला की जरा घासलं तरी ओरडून दिसतं. मी पिवळ्याखाली फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर थर देते, मग टवका उडाला तरी डोळ्यात खुपत नाही आणि पिवळा दोन हातांत चढतो. आता रंगवून झालंच आहे तर निदान वॉर्निश करा. आधी चकचकीत, ते कडक असतं, त्यावर मॅट. धातूच्या मूर्तींना तर हे हवंच, त्यांच्या कडा धारदार आणि वजन जास्त, रंग तिथूनच जातो.

एक कळकळीची विनंती: वॉर्निशचा स्प्रे तिकडेच कोरड्या दिवशी मारून या. इथे जूनमध्ये हवा दमट असताना मारला तर सगळ्यावर पांढरं धुकं बसतं. माझ्या वीस एल्फांवर बसलंय. दुसरा चकचकीत हात दिल्यावर बरंचसं गेलं, पण डोळे पुन्हा रंगवायला लागले, चाळीस डोळे. आणि स्प्रेचा डबा विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तो तिथेच कोणाला तरी देऊन या.

पिवळाफौजी

रंगपेटीताई, धन्यवाद. शनिवारी ऊन आहे म्हणतायत, शनिवारीच मारतो. पत्रेवाला, १८० चुंबकं मागवायची तयारी झाली आहे पण स्पंजबाबांचं ते चौघांना घेऊन पडणारं वाक्य मनातून जात नाही.

ऑरेंजसिटी

नागपूरकडून एक इशारा. उन्हाळ्यात बंद गाडीत मूर्ती ठेवू नका. पाच मिनिटंसुद्धा नाही. बाहेर ४५ असताना बंद गाडी आत साठ-सत्तरला सहज जाते. प्लास्टिकचे ओरिजिनल शिपाई त्यात तग धरतात, ते जवळपास शंभरपर्यंत मऊ होत नाहीत. पण थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचं छापलेलं काही असेल तर ते साठलाच मान टाकतं. माझ्या रणगाड्याची तोफ मेथीच्या जुडीसारखी लवंडली. रेझिनच्या तलवारी, भाले वाकतात, पण ते परत सरळ होतात. कडकडीत गरम पाण्यात काही सेकंद धरा, बोटाने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. रंगवलेल्या मूर्तीला मात्र हा उपाय जपून, आधी नको असलेल्यावर करून बघा.

चुंबकांचंही तेच. साधी निओडिमियम चुंबकं ८० डिग्रीच्या वर गेली की ताकद गमावतात आणि ती थंड झाली तरी परत येत नाही. गाडीच्या काचेमागे उन्हात डबा ठेवू नका.

स्पंजबाबा

पत्रेवाला यांची एम-सीलची पद्धत उत्तम आहे, मान्य. मी पण करून बघणार.

पण धातूच्या मूर्तींचं उत्तर द्या. मी काट्यावर तोललंय, धातूचा पायदळवाला अठरा ग्रॅम, घोडेस्वार पन्नासच्या घरात. त्यांचं वजन वर असतं. गाडीला करकचून ब्रेक लागला की तो बेसपासून नाही तर घोट्यापासून तुटतो, कारण बेस चुंबकाने धरून ठेवलेला आणि वरचं अंग पुढे जातंय. चुंबक जितकं तगडं तितकं घोट्यावर ओझं. मी असे दोन घोडे गमावलेत, ज्या दिवशी मोहापायी चुंबकाकडे गेलो होतो त्या दिवशी.

पत्रेवाला

हे बरोबर आहे. धातूच्या घोडेस्वारांसाठी मी पण फोम वापरतो. खूप दिवस कबूल करायचं टाळत होतो.

बंडूमास्तर

ऐतिहासिक क्षण! कोणीतरी नोंद घ्या :)

असईकर

मंडळी तुम्ही सगळे २८ मिमीवाले (मूर्तीची उंची), म्हणून तुम्हाला ओझं होतं. मी १५ मिमी करतो. माझं आजोळ भोकरदनकडचं, असईचं रणांगण लहानपणापासून पाहिलेलं, केळणा आणि जुईच्या मधली ती जमीन. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई मांडायची म्हणून शिंद्यांचे कंपू (इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कवायती फौजा) रंगवतोय, त्यांचा जर्मन सेनानी पोलमनच्या पलटणी, तोफा, बैल, सगळं. आत्तापर्यंत साडेचारशे झाले आणि सगळे दोन ट्रेमध्ये मावतात, कारण एका ४० मिमीच्या पट्टीवर चारचार शिपाई चिकटवलेले असतात. एकेक मूर्ती हाताळायची वेळच येत नाही, पट्टी धरायची आणि ठेवायची. पट्टीखाली पातळ चुंबकी शीट. वजन विभागलं जातं म्हणून पडत नाहीत.

भाल्यांचं मात्र एक सांगतो, ओतीव धातूचे भाले नेण्याआणण्यात हमखास वाकतात आणि दोनदा सरळ केले की तिसऱ्यांदा मोडतात. मी सगळे भाले कापून टाकले, मूठ बारीक ड्रिलने भोकली आणि त्यात गिटारची सगळ्यात पातळ तार बसवली. ती वाकते आणि परत सरळ उभी राहते. शिंद्यांच्या घोडदळाचे साठ भाले असे केलेत. बोटाला टोचतात तेवढं सांभाळावं लागतं.

खडकवासलाकर

असईकर, फोटो टाका हो. वाचूनच अंगावर काटा आला.

मृदुला_एस

अवांतर: हे सगळे मिनिएचर, फिगर म्हणतायत आणि धागाकर्त्याने शीर्षकात मावळे लिहिलंय, तेच किती छान वाटतं. आमच्या घरी किल्ल्यावरच्या मावळ्यांची व्यवस्था आजी करायची. भाऊबीज झाली की एकेक मावळा फडक्याने पुसायची, कापसात गुंडाळायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तांदळाच्या भुशात पुरून ठेवायची. महाराज वेगळे, त्यांना रेशमी खणाचा तुकडा. कुंभारवाड्यातून आणलेले शाडूचे महाराज, बावीस वर्षं एकाच सिंहासनावर, फक्त तलवार एकदा बदलली.

असईकर

आजीला दंडवत. भुसा अंगाला सगळीकडून सारखा धरतो, कुठल्या एका टोकावर भार येत नाही. स्पंजबाबांचंच तत्त्व.

स्पंजबाबा

आजी माझ्या पक्षात. आता काही बोलायचं नाही.

जतन_विभाग

मी वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं काम करते, त्यामुळे हा धागा वाचताना दोनतीन ठिकाणी पोटात गोळा आला. घाईत लिहितेय, पण महत्त्वाचं आहे.

पहिलं, ते आजोबांकडचे शिशाचे शिपाई. शिसं हवेत शांत असतं, पण व्हिनेगरसारख्या आम्लाची वाफ लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती आतपर्यंत खात जाते. ही वाफ येते लाकडातून, ओक सगळ्यात वाईट, पण प्लायवूड आणि एमडीएफसुद्धा. दमट हवा असली की आणखी लवकर. काचेचं शोकेस चिकटवायला जो आंबट वासाचा सिलिकॉन वापरतात तोही तेच सोडतो. म्हणजे नव्या कोऱ्या लाकडी कपाटात शिशाची मूर्ती बंद करून ठेवणं ही सगळ्यात सुंदर दिसणारी चूक. लोखंडी कपाट, काच किंवा पॉलिप्रॉपिलिनचा डबा बरा. प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलिन. पांढरी भुकटी दिसली तर हातमोजे घाला, फुंकर मारू नका, ती विषारी असते. शिशाला हात लावल्यावर हात धुवा, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

दुसरं, रेक्झिनच्या बॅगा आणि मऊ पीव्हीसी. त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनला, म्हणजे तुमच्या मूर्तींच्या प्लास्टिकला, विरघळवतं. मूर्ती त्याला महिनोन्‌महिने टेकून राहिली की चिकटते. जुन्या मॉडेल रणगाड्यांच्या रबरी पट्ट्या चाकांत वितळून बसलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल. असईकर, तुमची चुंबकी शीटही अशीच असू शकते, पट्टीला लागू दे पण मूर्तीला लागू देऊ नका.

तिसरं आणि सगळ्यात आपल्याकडचं: डांबरगोळ्या. तुमचे प्लास्टिकचे शिपाई पॉलिस्टायरीनचे आहेत आणि नॅप्थॅलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. बंद कपाटात गोळ्या आणि शिपाई एकत्र राहिले तर काही महिन्यांत बोटाला चिकट लागायला लागतात. कापराच्या वड्यांपासूनही लांबच ठेवा.

पिवळाफौजी

जतनताई.

मी ज्या कपाटात हे सगळं ठेवणार आहे ते आजोबांचं हिरवं गोदरेज कपाट आहे. त्यात आजीच्या पैठण्या आहेत. त्यात गेली तीस वर्षं डांबरगोळ्या आहेत. उघडलं की शेजारच्या खोलीत वास येतो.

आत्ता तिकडे रात्रीचे साडेअकरा. उद्या सकाळी आईला फोन.

पत्रेवाला

पिवळाफौजी, थांबा थांबा, गोदरेज कपाट? जुनं लोखंडी? अहो मग तुम्हाला घरी डबा लागतच नाही. त्याचा प्रत्येक कप्पा म्हणजे पत्रा आहे! चुंबकवाला शिपाई थेट कप्प्यावर उभा करा. दार बंद, धूळ नाही, मुलं नाहीत, भूकंपात पण जागेवर. मी भाड्याच्या घरात राहतो म्हणून, नाहीतर तसलं कपाट मी आजच शोधलं असतं.

जतन_विभाग

कपाट उत्तम. फक्त गोळ्या काढून दार पंधरावीस दिवस सताड उघडं ठेवा, पंखा लावा, आतला कागद काढून फेका, कागद वास धरून ठेवतो. पैठण्यांना गोळ्यांऐवजी मलमलच्या कापडात गुंडाळा, वर्षातून दोनदा उलगडून घडी बदला. आजींनाही आवडेल.

पावसाळ्यासाठी सिलिका जेल, पण निळं नको, त्यात कोबाल्ट असतो. केशरीचं हिरवं होणारं मिळतं ते घ्या. हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोनेक तास, परत केशरी. बेसवर जी वाळू, कॉर्क, गवत चिकटवता तिथेच आधी बुरशी धरते, खास करून फेव्हिकॉल पूर्ण सुकायच्या आत कपाटात ठेवलं तर. आठवड्यातून एकदा दार उघडून हवा द्या.

बंडूमास्तर

इतकी काळजी माझी आमच्या घरात कोणी घेत नाही. वाचनखूण साठवली आहे.

कोकणहापूस

ट्रान्सपोर्टचा विषय निघाला म्हणून. माझा ड्रॅगन कुठल्याच डब्यात मावेना, पंख फूटभर. शेवटी बेकरीतून दोन किलोच्या केकचा खोका आणला, त्याच्या पुठ्ठ्याला ड्रॅगनचा बेस चार स्क्रूंनी खालून आवळला आणि खोका वरून बसवला. रत्नागिरी ते ठाणे एसटीने आणला, मांडीवर. शेजारच्या काकूंनी विचारलं वाढदिवस कोणाचा. तुमच्या नाइटलाही हेच सुचवेन, चुंबकाच्या भरवशावर राहू नका, खालून स्क्रू मारा.

आंब्याच्या पेटीत पेंढ्यात घालून नेऊ का असं एका मित्राने विचारलं होतं. त्याला नको म्हटलं. पेंढा ओल धरतो आणि त्यातून किडे येतात.

रंगपेटी

छोट्या खेळासाठी मसाल्याचा डबा! सात वाट्या, प्रत्येकीत एक शिपाई, मधल्या वाटीत फासे. पाचसहा मूर्तींच्या चकमकीच्या खेळाला मी तोच घेऊन जाते. अर्थात नवा डबा, हळदीचा वास नसलेला.

टेम्सकाठ

लंडनहून तीनदा सैन्य घेऊन मुंबईला आलोय, त्यामुळे विमानाचं सांगतो. केबिनमध्येच घ्या, हट्टाने. पहिल्या वेळी चेक-इनमध्ये दिलं होतं, नाजूक असं लिहिलेलं मोठं लाल स्टिकर लावून. मिळालं तेव्हा बॅगेचा एक कोपरा आत गेलेला, अकरा हात तुटलेले, एक डोकं शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

केबिनला वजनाची मर्यादा बघा, पुढे देशांतर्गत विमान असेल तर साधारण सात किलो. धातूवाले तिथेच वजन खातात. तपासणीत पत्र्यामुळे डबा गडद दिसतो, त्यामुळे उघडायला सांगतातच. डबा पारदर्शक असला तर बरं, मी रियली यूजफुल बॉक्सचे नऊ लिटरचे वापरतो, झाकणाला दोन्हीकडे पकडी आहेत आणि आतलं न उघडता दिसतं. वर एक कागद ठेवा, "रंगवलेली खेळणी, कृपया बेसला धरून उचला". माझं त्या कागदाने काम झालंय.

तुटलेल्यांसाठी डबी वेगळी ठेवा, त्यात फेवीक्विक, चिमटा आणि झिपची पिशवी. तुटलेला हात ज्याचा त्याच्याच पिशवीत.

धारावीरोड

उशिरा आलो. जुन्या फोमचं कोणी बोललं नाही. पॉलियुरेथेन फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत पिवळा पडतो, मग चिकट होतो, मग भुगा होतो. माझ्या माळ्यावरच्या बॅगेतल्या मूर्तींना मध लावल्यासारखा थर बसला होता, दात घासायच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढला तरी खाचेत राहिलाच. फोम प्रवासापुरता वापरा, मुक्कामाला नको.

स्पंजबाबा

हे ऐकून आत्ता उठून बघितलं. खालच्या ट्रेच्या कोपऱ्यात बोट रुततंय आणि वर येत नाही. चौदा वर्षांची बॅग. उद्यापासून मुक्काम कपाटात, प्रवास फोममध्ये. धारावीरोड, वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार.

पिवळाफौजी

मंडळी, ठरलं. प्लास्टिकवाल्यांना चुंबकं, रेझिनवाले त्यांच्याचबरोबर. धातूवाले नव्या फोममध्ये कुशीवर, त्यातले शिशाचे वेगळ्या डब्यात. नाइट केकच्या खोक्यासारख्या खोक्यात, स्क्रू मारून. शनिवारी वॉर्निश झालं. रविवारपासून रात्री दहा ते बारा एम-सील मळतोय, बोटांचा वास जात नाही. रूममेट शेजारी बसून बटर पेपर कापून देतो. ७४ झालेत.

पिवळाफौजी

पोचलो. जरा सावकाश लिहितो, तीन दिवस झोपच नाही.

हीथ्रोला काही विचारलं नाही. मुंबईत पुढच्या विमानाच्या तपासणीला जवानाने डबा उघडायला लावला, टेम्सकाठ यांचा कागद वर होताच. त्यांनी तो वाचला, मग दोन बोटांनी बेसला धरून एक सार्जंट उचलला, टक्‌ करून सुटला, दिव्यापाशी धरून नीट बघितला आणि परत ठेवला, परत टक्‌. "हाताने रंगवलाय?" म्हणाले. हो म्हटलं. "डोळे पण?" डोळे पण. मागे रांग खोळंबलेली होती तरी त्यांनी झाकणाच्या दोन्ही पकडी स्वतः लावून दिल्या.

हिशोब: प्लास्टिकवाले सगळे सुखरूप. एकाचा अँटेना तुटला, तो मी घरी उतरवताना तोडला. धातूचे ४५ च्या ४५ बरोबर, स्पंजबाबा, तुमच्यामुळे. शिशाचे मी एकेक भिंगाखाली बघितले, दोघांच्या बुटाशी पांढरं आहे. जतनताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आणि कपाट. फोन केला त्याच दिवशी आईने गोळ्या काढल्या होत्या, पण आजीला पटेना, तीस वर्षांत एका पैठणीला कसर लागली नाही म्हणाली. मग आईने तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला, मलमलपर्यंतचा. आजीने विचारलं की पोरांच्या अंगाला खरंच चिकट होतं का. होतं म्हटल्यावर तिनेच दोन कप्पे मोकळे केले. मी आलो तेव्हा कपाटाची दारं उघडी, समोर टेबलफॅन लावलेला, वास अगदी पुसट. आजी फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती घेऊन एकेका कप्प्याला लावून बघत होती. वरच्या कप्प्याला धरला, मधल्याला धरला. खालच्याला गंज आहे, तिथे जरा घसरतो.

तिथे कोणाला उभं करू नकोस म्हणाली.

पत्रेवाला

खालच्या कप्प्याला रेडऑक्साइडचा एक हात द्या, पातळ. नीट वाळू द्या, आठवडाभर. मग तोही धरेल.